कूलरमध्ये मांजर व्याली आहे, एका पिल्लाचा डोळा फुगलाय

कूलरवाली | ५ एप्रिल, रात्री १०:१२

नागपुरात मानेवाड्याला राहतो आम्ही. मागच्या रविवारी बाबा गच्चीवरच्या खोलीतून कूलर काढायला गेले, नवीन वुडवूल, म्हणजे कूलरच्या ताट्यांतलं गवत, भरायचं होतं. एका बाजूची ताटी मागच्या पावसाळ्यातच काढून ठेवली होती. आत वाकून पाहतात तर टपात जुन्या वुडवूलवर चार पिल्लं आणि त्यांच्यावर पसरलेली आमच्या गल्लीतली कबरी. तिनं बाबांकडे असं पाहिलं म्हणे, की बाबा तसेच खाली आले आणि म्हणाले, "यंदा पंख्यावर भागवा."

२७ मार्चला ती पोट घेऊन फिरत होती, २८ला पोट नव्हतं. म्हणजे पिल्लं आठ-नऊ दिवसांची. दोन पिवळी, एक कबरं, एक काळं. पिवळ्यांचे डोळे कालपासून नाकाकडच्या कोपऱ्यातून किलकिले झालेत. कबऱ्याचा आज एक उघडला. काळ्याचे दोन्ही बंद आहेत, ते ठीक, पण डावा डोळा बंद पापणीखाली भिजवलेल्या हरभऱ्यासारखा टम्म फुगलाय. कोपऱ्यात पिवळं चिपड वाळून बसलंय. बोट लावलं की पिल्लू ओरडतं.

आजी म्हणते, "पोरी, सात घरं फिरल्याबिगर मांजरीच्या पिल्लाचे डोये नाही उघडत. तिचं पहिलंच घर आहे हे. हात नको लावू." थांबू का अजून दोन-तीन दिवस?

तर्रीपोहे | ५ एप्रिल, रात्री १०:३१

आजी बरोबर म्हणून राहिल्या. आमच्या इतवारीच्या वाड्यात दरवर्षी मांजर व्यायची. सात घरं फिरवायची, मग डोळे. आणि माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकून देते, हे पण लक्षात ठेव.

फारच वाटलं तर डोळे आले होते तेव्हाचे ड्रॉप्स असतील घरात, एक-एक थेंब टाक.

गुराढोरांचा_डॉक्टर | ५ एप्रिल, रात्री १०:४८

तर्रीपोहे, ती ड्रॉप्सची ओळ आधी काढा. ताई, तुम्ही ते ड्रॉप्स अजिबात टाकू नका. डोळे आल्यावर माणसाला देतात त्यातल्या पुष्कळ बाटल्यांत अँटिबायोटिकच्या जोडीला स्टिरॉइड असतं, बारीक अक्षरात डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असं लिहिलेलं. कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या काचेवर, जखम असेल तर स्टिरॉइडनं ती भरायच्या ऐवजी खोल जाते. काही बाटल्यांनी डोळा फुटलेला पाहिलाय मी.

आता तुमचा प्रश्न. थांबू नका.

पिल्लाच्या पापण्या साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या मध्ये उघडतात. काळ्याचा नुसता बंद असता तर मी म्हटलं असतं, झोपा शांत. पण बंद आणि फुगलेला यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पापणी चिकटलेली असतानाच आत जंतू शिरलेत आणि पू साठलाय. बाहेर यायला वाट नाही, म्हणून फुगवटा. तो पू कॉर्नियाला चोवीस तास भिजवत बसतो. कॉर्निया विरघळतो, फुटतो, नाहीतर पापणीच्या आतली त्वचा कॉर्नियाला कायमची चिकटून बसते. तुम्ही दहाव्या, बाराव्या दिवशी डोळा उघडायची वाट पाहाल, आणि उघडेल तेव्हा आत डोळाच उरलेला नसेल.

उद्या सकाळी दाखवा. आज रात्री एवढंच करा: पाणी उकळून कोमट करा, कापूस भिजवून घट्ट पिळा आणि डोळ्यावर दोन-तीन मिनिटं नुसता ठेवा. चिपड मऊ पडलं की नाकाकडून कानाकडे एकदा पुसा. तो कापूस फेकायचा. दुसऱ्या डोळ्याला दुसरा, दुसऱ्या पिल्लाला दुसरा. कधी कधी एवढ्यानंच कोपऱ्यात फट पडते आणि पू वाहतो. वाहिला तर पुसत राहा. नखानं, चिमट्यानं पापणी ओढायची नाही. बोरिक पावडर, हळद, गुलाबपाणी, मध, काही नाही. कबरी ते सगळं चाटणार आहे.

कूलरवाली | ५ एप्रिल, रात्री ११:०५

पाणी ठेवलंय गॅसवर. एक विचारू? हात लावल्यावर ती खरंच टाकून नाही ना देणार? आणि उद्या न्यायचं तर कबरीला पण न्यायचं का? ती बाबांना पंजा मारते.

गुराढोरांचा_डॉक्टर | ५ एप्रिल, रात्री ११:१४

हाताच्या वासानं मांजर पिल्लू टाकत नाही. टाकते ती बहुतेक वेळा पिल्लू गार पडलं, फार आजारी वाटलं किंवा जागेवर सारखी वर्दळ झाली म्हणून. कबरी जेवायला खाली उतरेल तेव्हा काळ्याला उचला.

तिला नेऊ नका. बुटाच्या खोक्यात सुती फडकं घाला आणि कूलरमधल्या जुन्या वुडवूलचा एक झुपका. त्याला घरचा वास येतो. या वयात पिल्लाला दिसत नाही, ऐकू धड येत नाही, पण नाक चालतं. पहिल्या दोन-तीन दिवसांतच प्रत्येक पिल्लू आपलं एक थान ठरवतं आणि वासानं तिथंच जातं. आणि वजन करा. किराण्याचा डिजिटल काटा असेल तर त्यावर वाटी ठेवून.

धंतोलीची_काकू | ६ एप्रिल, सकाळी ६:२०

डॉक्टर म्हणतायत ते अक्षरशः खरं आहे, मी भोगलंय. चार वर्षांपूर्वी आमच्या जिन्याखाली अशीच पिल्लं होती. एकाचा डोळा फुगला. मी जवळच्या एका दवाखान्यात फोन केला, तर पलीकडच्या माणसानं सांगितलं, "डोळे उघडले की आणा, बंद डोळ्याचं काय बघायचं?" मी पाच दिवस थांबले. सहाव्या दिवशी आपोआप फुटला. दुसरीकडे नेलं, तोवर काही उरलं नव्हतं. पिल्लू जगलं, एका डोळ्याचं. आता माझ्या मांडीवर बसलंय आणि मी हे लिहीत असताना शेपटी कीबोर्डवर आपटून राहिलंय.

फोनवर कोणी काही म्हणो, घेऊनच जा.

कूलरवाली | ६ एप्रिल, दुपारी १:३७

जाऊन आलो. सेमिनरी हिल्सला, व्हेटर्नरी कॉलेजला. मानेवाडा ते सेमिनरी हिल्स म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं, पण सकाळी लवकर निघालो. बाबांनी गाडी चालवली, मी मागे खोकं मांडीवर धरून.

वजनं आधी. पिवळी २०५ आणि १९८, कबरं १९१, काळं १५६ ग्रॅम.

रात्री शेकलं होतं, चिपड निघालं, फट काही पडली नाही. तिथल्या मॅडमनी पुन्हा कोमट सलाइननं भिजवलं. मग अंगठ्याचं पोट पापणीवर ठेवून नाकाकडच्या कोपऱ्यावर अगदी हलका दाब दिला. आधी काहीच नाही. मग तिथं टाचणीच्या टोकाएवढं छिद्र झालं आणि दाट पिवळा पू बाहेर आला. थेंब नाही हो, वळी आली. टूथपेस्टसारखी. बाबा तिकडे भिंतीवरचं पोस्टर वाचायला लागले. मॅडम सलाइन सोडत होत्या, पुसत होत्या, परत सोडत होत्या. फुगवटा माझ्या डोळ्यांसमोर बसला. पापणी अर्धी उघडली आणि आत एक धुरकट निळा डोळा होता. होता! मी तिथंच रडली.

मग पिवळसर रंगाचा थेंब टाकून निळ्या लाइटखाली पाहिलं. कॉर्नियाला जखम असली की तेवढी जागा हिरवी चमकते म्हणे. एक ठिपका चमकला, बाजरीच्या दाण्याएवढा. खोल नाही म्हणाल्या. उजवा डोळाही हलकेच उघडून पाहिला, त्यात थोडं पाणी होतं, पू नाही. मलम दिलंय, दिवसातून चारदा, दोन्ही डोळ्यांत. लावायच्या आधी पापण्या परत चिकटल्या नाहीत ना, हे दर वेळी बघायचं. तीन दिवसांनी परत बोलावलंय.

घरी आणून ठेवलं तर कबरीनं त्याला दातात मानेला धरून आत ओढलं आणि पहिलं काम काय, सगळं मलम चाटून टाकलं.

तर्रीपोहे | ६ एप्रिल, दुपारी २:०२

ड्रॉप्सची ओळ मागे घेतली. सॉरी ताई. वळीचं वर्णन जेवताना वाचलं मी.

गुराढोरांचा_डॉक्टर | ६ एप्रिल, दुपारी ३:२५

झकास. मलम लावल्यावर दहा मिनिटं पिल्लू हातातच धरा, मग द्या आईजवळ. हात साबणानं धुवा, आधी आणि नंतर. यातले काही जंतू क्वचित माणसाच्या डोळ्यालाही त्रास देतात.

बाकीच्या तिघांवर नजर ठेवा. हे येतं बहुतेक आईकडूनच. मांजरांचा हर्पिस विषाणू एकदा अंगात शिरला की मुक्काम करतो. एरवी गप्प, पण बाळंतपण आणि पाजण्याचा ताण आला की पुन्हा बाहेर पडायला लागतो. ती चाटते, शिंकते, पिल्लांना मिळतो. त्यावर मग साधे जंतू चढतात. कबरी शिंकते का?

कूलरवाली | ६ एप्रिल, दुपारी ३:४०

शिंकते. आम्हाला वाटलं वुडवूलची धूळ.

मेडिकल_तिसरं_वर्ष | ६ एप्रिल, रात्री ९:१५

मधे तोंड घालतो. मांजराच्या पिल्लाच्या बंद डोळ्यावर तर नोबेल मिळालंय. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल, १९८१. १९६० च्या दशकात त्यांनी पिल्लांची एक पापणी शिवून ठेवली आणि दोन-तीन महिन्यांनी टाके काढले. डोळा ठणठणीत होता, पण त्या डोळ्यानं पिल्लाला जवळजवळ काही दिसत नव्हतं. मेंदूतल्या, पाहायचं काम करणाऱ्या पेशींनी त्याची जागा उघड्या डोळ्याला देऊन टाकली होती. मोठ्या मांजराचा डोळा तितकेच दिवस शिवला तर काही बिघडत नाही. म्हणजे पाहायला शिकायची एक मुदत असते, ती गेली की गेली. तान्ह्या बाळाला जन्मतः मोतीबिंदू असेल तर ऑपरेशनची घाई करतात, लहान मुलाच्या आळशी डोळ्यासाठी चांगल्या डोळ्यावर पट्टी लावतात, ते सगळं इथून पक्कं झालं. म्हणून काळ्याचा डोळा वेळेत उघडला हे भारी झालं.

धंतोलीची_काकू | ६ एप्रिल, रात्री ९:३३

पापण्या शिवल्या? बरी मिळाली बक्षिसं.

मेडिकल_तिसरं_वर्ष | ६ एप्रिल, रात्री ९:४१

काकू, मलाही पहिल्यांदा वाचून कसंसंच झालं होतं. पण वॉर्डात पट्टी लावलेलं पोरगं पाहिलं की काय बोलावं कळत नाही.

गुराढोरांचा_डॉक्टर | ६ एप्रिल, रात्री १०:२०

तिसऱ्या वर्षाचं म्हणणं बरोबर, फक्त इथं ते तसंच्या तसं लावू नका. मेंदूची ती मुदत नवव्या दिवशी धड सुरूही झालेली नसते. चौथ्या आठवड्याच्या आसपास तिचा जोर असतो आणि तिसऱ्या महिन्यापर्यंत ओसरतो. नवव्या दिवशी डोळा दोन दिवस उशिरा उघडला म्हणून पिल्लू आंधळं होत नाही. आमची घाई कॉर्नियासाठी होती. मात्र आता कॉर्नियावर पांढरा डाग राहून पाचव्या-सहाव्या आठवड्यात बुबुळ झाकलं गेलं, तर ती दुसरी गोष्टही लागू होईल. म्हणून मलमाची पाळी चुकवायची नाही.

नाव_नंतर_सुचवते | ७ एप्रिल, सकाळी ११:०८

बाळबोध प्रश्न. गाईचं वासरू तर डोळे उघडे घेऊन जन्मतं आणि तासाभरात उभं राहतं. मांजरीचंच असं काय?

गुराढोरांचा_डॉक्टर | ७ एप्रिल, दुपारी १:५०

गाय नऊ महिने पोटात ठेवते, मांजर नऊ आठवडे. आणि वासराला कळपाबरोबर पळायचं असतं, पोटात वाढ पुरी करूनच यावं लागतं. मांजर शिकारी. जड पोट घेऊन उंदीर पकडता येत नाही, म्हणून कच्ची पिल्लं लवकर बाहेर काढते आणि उरलेली वाढ बिळात, कोपऱ्यात, कूलरमध्ये करते. डोळ्याचा पडदा जन्मल्यावरही तयार होतच असतो. कानाची भोकंही सुरुवातीला बंद असतात, कान डोक्याला चिकटलेले. दोन्ही पुढेमागे उघडतात.

एक गंमत: अंधारात वाढलेल्या पिल्लांचे डोळे उजेडात वाढलेल्यांपेक्षा लवकर उघडतात, आणि बाप कोण यानंही फरक पडतो. तुमच्या पिवळ्यांची घाई कूलरच्या अंधाराची की गल्लीतल्या बोक्याची, देव जाणे.

कूलरवाली | १३ एप्रिल, रात्री ८:५५

बरंच काही झालं.

कबऱ्या पिल्लाचा उजवा डोळा उघडलेला होता, तो दहाला सकाळी चिकटलेला सापडला. यावेळी घाबरली नाही. कोमट कापूस, पाच मिनिटं, सुटला. कॉलेजमधून त्यालाही मलम मिळालं. काळ्याच्या डोळ्यात तो रंग पुन्हा टाकून पाहिला, ठिपका भरलाय. वजन १९४.

खरी पंचाईत उन्हाची झाली. गच्चीवरची खोली पत्र्याची. पारा बेचाळीसला टेकला आणि दुपारी कबरी तोंड उघडून धापा टाकायला लागली, पिल्लं एकमेकांपासून लांब लांब पसरून पडली. इंटरनेटवर जिथं तिथं लिहिलंय, पिल्लांना ऊब द्या, गरम पाण्याची बाटली द्या. नागपुरात एप्रिलमध्ये कोणाला ऊब देता! डॉक्टर, काय करू?

गुराढोरांचा_डॉक्टर | १३ एप्रिल, रात्री ९:३०

ते सल्ले थंड मुलखातले. पहिल्या आठवड्यात पिल्लाला तीसेक डिग्री लागते आणि त्याला थरथरून ऊब आणता येत नाही, हे खरं. पण आपल्याकडे पत्र्याखाली उलटा धोका आहे. ढीग करून झोपली तर गार वाटतंय, पसरून झोपली तर उकडतंय. थर्मामीटरपेक्षा हे बघा.

तळमजल्याच्या उत्तरेकडच्या खोलीत हलवा. कूलरचा झोत अंगावर नको, दारातून येणारी हवा पुरे. खिडकीला पडदा, कारण नव्या डोळ्याला कडक उजेड सोसत नाही. फ्लॅश मारून फोटो तर मुळीच नको. कबरीला पाणी दोन ठिकाणी ठेवा. तिचं पाणी कमी पडलं की दूध कमी पडतं. गाईचं दूध पिल्लांना पाजू नका, जुलाब लागले की या उन्हात एका दिवसात पिल्लू जातं. वजन रोज दहा ग्रॅमच्या आसपास वाढायला हवं. काळ्याचं कमी आहे. त्याला दिवसातून दोन-तीनदा एकट्यालाच आईजवळ लावा.

कूलरवाली | १५ एप्रिल, सकाळी ७:४०

खालच्या स्टोअररूममध्ये हलवलं. कबरीनं एक रात्र सहन केलं आणि पहाटे चौघांना एकेक करून जिन्याखाली नेलं. आजी दारात बसून मोजत होती, "दोन झाली, हे तिसरं."

बाबांनी मात्र संधी साधली. कूलर धुऊन, नवीन वुडवूल भरून, काल रात्री साडेदहाला सुरू.

तर्रीपोहे | १५ एप्रिल, सकाळी ८:१२

कबरीनं कूलर घालवला, उन्हानं मिळवून दिला.

नाव_नंतर_सुचवते | २ मे, संध्याकाळी ६:१८

ताई, काळा कसा आहे? मध्येच गायब झालात.

कूलरवाली | १९ मे, रात्री ९:५०

परीक्षा होती, माफ करा.

साडेसात आठवड्यांची झालीत. काळा ६१० ग्रॅम, बाकीची आठशेच्या आतबाहेर. सगळ्यांचे डोळे तेव्हा सारखेच निळे होते, मला वाटायचं निळेच राहणार. पंधरा दिवसांपासून बदलायला लागले. निळ्याच्या आत मेंदीचं पाणी मिसळावं तसं. पिवळ्यांचे आता मधाकडे चाललेत, काळ्याचे हिरवट. डाव्या डोळ्यात खालच्या बाजूला पांढरी पुसट रेघ राहिली आहे, उजेडात तिरकं धरलं तरच दिसते. मॅडमनी दोरीला कापूस बांधून डाव्या बाजूनं फिरवला, त्यानं झडप घातली. उजवा डोळा हातानं झाकून फिरवला, तरी झडप घातली. दिसतंय.

जंताचं औषध झालं, पहिली लस पुढच्या आठवड्यात. कबरं पिल्लू काकू नेणार आहेत (धंतोलीच्या, याच धाग्यावरच्या!). कबरीच्या ऑपरेशनचं विचारून ठेवलंय, कारण मॅडम म्हणाल्या, पाजत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते. गल्लीतला बोका रोज भिंतीवर येऊन बसतोच आहे.

धंतोलीची_काकू | १९ मे, रात्री १०:०५

टोपली तयार आहे. आमच्या एकाक्षाला अजून सांगितलेलं नाही.

तर्रीपोहे | १९ मे, रात्री १०:११

सगळं ठीक, पण सात घरं झाली का?

कूलरवाली | १९ मे, रात्री १०:२६

आजीचा हिशेब असा: कूलर, स्टोअररूम, जिन्याखाली, शेजारच्या काकूंचा दिवाण, परत स्टोअररूम. आजी पाच धरते, मी चार. तिघांचे डोळे पहिल्याच घरात उघडले. काळ्याचे सेमिनरी हिल्सला. आजी म्हणते, "मग ते पण एक घर धर."